चॉप पंधरा मिनिटांचा, तयारी आदल्या रात्रीची

ताई, नमस्कार.
मी ३१ वर्षांचा आहे, पुण्यात कोथरूडला राहतो. बायको वसईची, कॅथलिक. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या लग्नाला एक वर्ष होतंय. बाहेर जेवायला नेण्यापेक्षा त्या रात्री घरीच तिच्यासाठी पोर्क चॉप करावेत असं मनात आहे. आमच्याकडे मटण, कोंबडी, मासे सगळं चालायचं, पण डुकराचं मांस कधी आलं नाही. लग्न झाल्यापासून तिनेही ते या घरात केलेलं नाही. मी कधी नको म्हटलं नव्हतं, तिनेच आपणहून थांबवलं. माहेरी गेली की मात्र पोटभर खाते. तिथे मीही खातो, मला आवडतं. मागच्या महिन्यात ती नाइट शिफ्टला असताना मी गुपचूप दोन चॉप आणले, मटणासारखा मसाला लावून कुकरला सहा शिट्ट्या काढल्या. इतके चिवट आणि कोरडे झाले की टाकून द्यावे लागले. घरी ओव्हन नाही. गॅसची शेगडी, डोशाचा नॉनस्टिक तवा आणि कुकर एवढंच आहे. शिवाय एका मित्राने घाबरवलंय की डुकराच्या मांसाने मेंदूत किडे होतात. आणि शेवटचं म्हणजे, जानेवारीत आई महिनाभर राहायला येणार आहे. तिला हे कळलं तर काय सांगू?
– एक वाचक, पुणे

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं 'तिनेच आपणहून थांबवलं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिने कुणी न सांगता एक गोष्ट सोडली आणि ती तुमच्या नजरेतून सुटली नाही, याचं मला फार बरं वाटलं. चॉप जमतीलच. तुमच्या शेगडीवर, ओव्हनशिवाय, उत्तम जमतील. पण आधी वाराचं बघू.

तुमच्या लग्नाचा वाढदिवस शुक्रवारी येतोय. अनेक कॅथलिक घरांत शुक्रवारी मांसाहार करत नाहीत. काही घरांत हा नियम फक्त ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात पाळतात, काहींकडे वर्षभर, काहींकडे अजिबात नाही. वर्षभर एकत्र जेवताय, तेव्हा शुक्रवारी तिच्या ताटात काय असतं ते तुम्हाला आठवत असेलच. नसेल आठवत तर येते दोन शुक्रवार लक्ष ठेवा. ती पाळत असेल तर बेत सरळ शनिवारी न्या. एवढ्या प्रेमाने केलेलं ताट तिच्यासमोर यावं आणि तिला वार आठवून हात आखडावा लागावा, असं व्हायला नको.

आता कुकरचं. तुम्ही मटणाचा न्याय चॉपला लावला आणि तिथेच गणित फिसकटलं. वसईकडच्या घरांत इंदियाल किंवा सोरपोतेल असे पोर्कचे रस्से करतात, गोव्यात आमसुलं घालून सोलांतलं करतात, ते सगळं मुख्यतः पोटाकडच्या किंवा खांद्याच्या मांसाचं. त्यात चरबीचे थर असतात, स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट पडद्या असतात. त्या पडद्या दीड-दोन तास मंद शिजल्या की विरघळतात आणि रस्सा दाट, चिकट होतो. चॉप येतो पाठीच्या कण्यालगतच्या लांब स्नायूतून. या स्नायूला प्राण्याच्या आयुष्यात फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो मुळातच मऊ असतो आणि त्यात विरघळण्यासारखं फार काही नसतं. तो जास्त शिजवला की मऊ होत नाही, फक्त पाणी सोडत जातो. सत्तर अंशांच्या पुढे हे पिळणं जोरात सुरू होतं आणि कुकरमध्ये तर तापमान शंभरच्या वर जातं. सहा शिट्ट्या म्हणजे त्यातला सगळा रस बाहेर. चॉप हा थोड्या वेळाचा, मोठ्या आचेचा पदार्थ आहे. तो जितका वेळ विस्तवावर राहील तितका बिघडेल.

आणि म्हणूनच दोघांच्या जेवणाला तो इतका चांगला. बिर्याणी करायला घेतलीत तर संध्याकाळभर तुम्ही ओट्याशी आणि ती बाहेरच्या खोलीत एकटी. चॉपची खरी मेहनत आदल्या रात्री होते. आयत्या वेळी पंधरा मिनिटं तव्यापाशी उभं राहिलं की झालं. त्या दिवशी तिला तुमचा सहवास हवा असणार, म्हणून मी सगळी आखणी याच हिशेबाने सांगते आहे.

खरेदीपासून सुरुवात करू. पुण्यात कॅम्पात पोर्कची दुकानं आहेत, शिवाय शीतसाखळीतून पाकीटबंद मांस घरपोच देणारेही आहेत. दुकानातून घेणार असाल तर सकाळी लवकर जा आणि चॉप तुमच्यासमोर कापून घ्या. तयार कापलेले चॉप बहुतेक अर्ध्या इंचाचे असतात. ते घेऊ नका. वरून रंग येईपर्यंत आतून शिजून कोरडे होतात, अगदी सरावलेल्या हातालासुद्धा ते सांभाळता येत नाहीत. सव्वा इंच जाडीचे, हाडासकट, बरगडीकडच्या भागातले दोन चॉप मागा. बरगडीकडच्या चॉपला एका कडेने वाकडं हाड असतं आणि मांसाचा एकच मोठा गोल असतो. कमरेकडच्या चॉपमध्ये हाडाच्या दोन बाजूंना दोन वेगळे स्नायू येतात. त्यातला छोटा आधी शिजतो, मोठा मागे राहतो. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. कातडं काढून टाकायला सांगा, पण त्याखालची चरबी अर्धा सेंटिमीटर तरी ठेवायला सांगा. दुकानदार 'साफ करून देतो' म्हणत सगळी चरबी उडवायला बघतो, त्याला थांबवा. एक चॉप साधारण पावशेर ते तीनशे ग्रॅमचा भरेल.

मांस फिकट गुलाबी असावं, चरबी पांढरीशुभ्र, आणि दाबलं तर बोट उमटून राहू नये. वास जवळजवळ नसतोच. उग्र, लघवीसारखा वास येत असेल तर ते खच्ची न केलेल्या वयात आलेल्या नराचं मांस असू शकतं. तो वास कुठल्याही मसाल्याने जात नाही, तेव्हा तिथून निघा.

मित्राने घातलेल्या भीतीचं आता नीट बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे. डुकराच्या मांसात टेनिया सोलियम नावाच्या पट्टकृमीची पिल्लं असू शकतात. उघड्यावर घाणीत चरणाऱ्या जनावरांत हा धोका जास्त. असं मांस कच्चं राहून पोटात गेलं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. दूषित पाणी, न धुतलेले हात, नीट न धुतलेली कच्ची भाजी या वाटांनी. म्हणून ज्यांनी जन्मात डुकराचं मांस खाल्लेलं नाही अशा शाकाहारी माणसांनाही हा आजार होतो. तेव्हा त्या रात्री कोशिंबीर करणार असाल तर काकडी-टोमॅटो वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. चॉपइतकीच काळजी तिथेही घ्यायला हवी.

मांसातल्या पिल्लांचा बंदोबस्त सोपा आहे. आत साबुदाण्याएवढे किंवा थोडे मोठे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते मांस घ्यायचंच नाही. घेतलेलं मांस आतपर्यंत शिजवायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अखंड तुकड्यातल्या, खिमा न केलेल्या पोर्कसाठी मध्यभागी ६३ अंश सेल्सियस आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा पुरेसा ठरवला. त्याआधी त्यांची मर्यादा ७१ अंश होती. तिथल्या बंदिस्त फार्ममधल्या, तपासलेल्या मांसाला ६३ ठीक आहे. आपल्याकडे मांस कुठून आलं याची पक्की खात्री नसते, म्हणून मी तुम्हाला ६८ ते ७० अंशांवर थांबायला सांगेन. मीठ नीट मुरलं असेल तर त्या तापमानालाही चॉप रसाळ राहतो. आणखी निश्चिंत व्हायचं असेल तर आठवडाभर आधी आणून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १५ अंशांना तीन दिवसांत ही पिल्लं मरतात. घरचा चांगला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो, पण जाड तुकडा आतपर्यंत गोठायला वेळ घेतो, म्हणून पाच-सहा दिवस धरा. मग बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सुटतं. ओट्यावर किंवा गरम पाण्यात सोडवू नका.

दोन वस्तू मात्र विकत आणाव्या लागतील. एक, मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. तो महाग नसतो, आणि नवख्या माणसाला त्याच्याइतका आधार कशाचाच नाही. दुसरी, बिडाचा फ्राय पॅन, दहा इंची, काठ असलेला. नॉनस्टिक तवा रिकामा कडक तापवायचा नसतो, त्याचा लेप खराब होतो, आणि कडक तापल्याशिवाय चॉपला रंग येत नाही. बीड एकदा तापलं की थंडगार मांस पडलं तरी आपली उष्णता सोडत नाही. पॅन आदल्या आठवड्यात आणा, त्यात दोन-तीनदा कांदा परता, तेल लावून पुसून ठेवा. नवा कोरा पॅन थेट त्या रात्री काढू नका.

गुरुवारी रात्रीचं काम दहा मिनिटांचं. चॉप टिशूपेपरने टिपून कोरडे करा. नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर होतात. टिपलेलं पुरे. दोन्ही चॉपना मिळून चहाचा सपाट एक चमचा बारीक मीठ, सगळ्या बाजूंनी, कडांनासुद्धा. मिरी आत्ता नको. एका ताटलीत जाळी ठेवून त्यावर चॉप ठेवा आणि झाकण न लावता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाकी कशाला लागणार नाही असे. आधी मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, चॉप ओलसर दिसतात. मग ते खारं पाणी परत आत शिरतं. मिठाने स्नायूतली प्रथिनं थोडी सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. त्याच वेळी फ्रीजच्या कोरड्या हवेने वरचा भाग सुकतो. सकाळी हात लावलात तर कोरडा आणि किंचित चिकट लागेल, तसाच हवा. ओला चॉप तव्यावर आधी वाफेत उकडतो आणि मग उशिरा कधीतरी भाजायला लागतो.

फ्रीज तिनेही उघडला तर? तिला बेत कळेल, एवढंच होईल. मला विचाराल तर त्यात काही बिघडत नाही. वाट बघण्यातही मजा असते. पण गुपितच ठेवायचं असेल तर शुक्रवारी ती कामावर असताना चॉप एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तीन तास फ्रीजमध्ये बुडवून ठेवा. मग धुऊ नका, फक्त खूप नीट टिपा. रस चांगला राहतो, रंग मात्र थोडा कमी येतो.

व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवायचा मोह आवरा. पोटाकडच्या मांसाला ते मानवतं, पण चॉपचा वरचा थर त्यात पिठूळ होतो. आंबटपणा आपण शेवटी सॉसमध्ये आणू.

ती साडेसातच्या सुमारास आली, हातपाय धुऊन बसली, असं धरून चालू. चॉप आठला बाहेर काढा, पुन्हा एकदा टिपा, आता मिरी भरड कुटून लावा. कडेच्या चरबीला दर दोन सेंटिमीटरवर सुरीने छोटी चीर द्या, मांसापर्यंत जेमतेम पोचेल इतकी. चरबीखाली एक पातळ पडदा असतो, तो तापला की आक्रसतो आणि चॉप वाटीसारखा वर उचलला जातो. चीर दिली की सपाट राहतो आणि सगळीकडे सारखा भाजतो.

पॅन मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापू द्या. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, धूर होणार आहे. एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल घाला. ते चमकून पसरलं की दोन्ही चॉप चिमट्यात एकत्र धरून चरबीच्या कडेवर उभे करा. इथे घाई नको. दोनेक मिनिटांत चरबी वितळायला लागते, पांढऱ्याची सोनेरी होते, कड कुरकुरीत होते आणि पॅनमध्ये त्यांची स्वतःची चरबी जमते. पुढचं सगळं भाजणं त्याच चरबीत व्हायचं आहे. मग चॉप तुमच्या अंगापासून दूर पडतील असे आडवे ठेवा. आवाज मोठा आणि सलग यायला हवा. बारीक फुसफुस ऐकू आली तर पॅन पुरेसा तापलेला नव्हता. आच वाढवा, चॉपला हात लावू नका.

दोन-अडीच मिनिटांनी उलटा. खालून खरपूस तपकिरी रंग आला असेल. दुसरी बाजूही तेवढीच. त्यानंतर आच मध्यम करा आणि दर मिनिटाला उलटत राहा. 'एकदाच उलटायचं' हा नियम पुष्कळ जण सांगतात, मला तो पटत नाही. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजूंनी उष्णता सारखी जाते आणि कडेचा भाग करकरीत होण्याआधी मधला भाग गाठता येतो. आडवे ठेवल्यापासून साधारण सात मिनिटं झाली की थर्मामीटर लावायला सुरुवात करा. वरून नाही, कडेने आडवा खुपसायचा, टोक बरोबर मध्यावर आणि हाडाला न टेकता. हाडाजवळचं तापमान वेगळं असतं, त्यावर जाऊ नका.

साठ अंश दिसले की आच मंद करा, दोन चमचे लोणी घाला, चार लसणीच्या पाकळ्या सालासकट ठेचून टाका आणि कढीपत्त्याच्या आठ-दहा पानांची एक डहाळी. लोणी फेसाळेल. पॅन तुमच्याकडे थोडा कलता करून ते लोणी चमच्याने चॉपवर मिनिटभर ओतत राहा. ६५ झाले की चॉप बाहेर, गरम ताटलीत. तिथे पाच-सात मिनिटांत आतलं तापमान आणखी तीन-चार अंश चढतं आणि सगळीकडे पसरतं. तेवढ्या वेळात ते ६८ गाठतंय ना, ते एकदा लावून बघा. नाही गाठलं तर अर्धा मिनिट परत पॅनवर. लगेच कापलात तर रस ताटात जाईल, म्हणून हा विसावा टाळू नका. कापल्यावर हाडालगत थोडी गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका, आकडा बरोबर असेल तर मांस शिजलेलं आहे.

चॉप विसावतात त्याच पाच मिनिटांत सॉस. पॅनमधली चरबी चमचाभर ठेवून बाकीची काढा, करपलेला लसूण आणि कढीपत्ता काढा. एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून त्यात दोन मिनिटं परता. दोन मोठे चमचे माडाचं व्हिनेगर घाला, पॅनच्या तळाला चिकटलेलं सगळं तपकिरी लाकडी उलथन्याने खरवडा, मग अर्धा कप पाणी आणि सुपारीएवढा गूळ. निम्मं आटू द्या. शेवटी चॉपच्या ताटलीत साठलेला रस आणि लोण्याचा एक तुकडा घालून गॅस बंद. बिडात आंबट फार वेळ ठेवू नये, लोखंडाची चव उतरते. चार-पाच मिनिटांत काही होत नाही. चव बघूनच मीठ घाला, बहुधा लागणार नाही.

या सॉसमध्ये पाव चमचा बाटली मसाला, म्हणजे वसईकडच्या कॅथलिक घरांत करून बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला, घालावा असं मला फार वाटतं. तो तिच्या माहेरी असेल तर सासूबाईंना फोन करून मागून घ्या, सोबत व्हिनेगरही. मी तुम्हाला इंदियाल करायला सांगत नाहीये. तिच्या आईच्या हाताची चव तुम्ही वर्षभरात गाठायला जाऊ नये, आणि ती तुलना तिच्या मनात आपोआप झाल्याशिवाय राहणार नाही. चॉप तुमचा असू द्या, त्यात तिच्या घरचा एक चमचा असू द्या. शिवाय सासूबाईंना जावयाने असं काही विचारलं तर त्या फार खूश होतील, आणि तिला कुठलं मांस आवडतं, किती चरबी चालते, हेही त्यांच्याकडून कळेल. ती चरबी बाजूला काढून ठेवणारी असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

बरोबर काय, याचा फार विचार नको. बटाटे सालासकट दुपारीच उकडून ठेवा, आयत्या वेळी तळहाताने दाबून चपटे करा आणि चॉपच्या आधी त्याच पॅनमध्ये तेलावर खरपूस करून घ्या. फरसबी मिठाच्या पाण्यात चार मिनिटं. बेकरीचा कडक पाव सॉस पुसायला हवाच. वसईच्या घरांत अशा जेवणाबरोबर फुगे, म्हणजे तळलेले गोल फुगीर पाव, असतात, पण ते तळायला घेतलेत तर पुन्हा तुम्ही ओट्याशीच. वाइन घेत असाल तर नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन चांगली जाते. घेत नसाल तर कोकमाचं सरबत, चरबीवर त्याचा आंबटपणा उत्तम लागतो. गोडाला मिळाली तर वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणा. तुपावर मिनिटभर गरम करून वर व्हॅनिला आइस्क्रीम.

एक रंगीत तालीम करा. ती कामावर असेल अशा एखाद्या दिवशी एकच चॉप आणून. तुमच्या शेगडीची आच, पॅनचा स्वभाव, धूर किती होतो, हे सगळं त्यात कळतं, आणि त्या रात्री हात थरथरत नाहीत. तालमीत चॉप जास्त शिजला तर टाकू नका. पातळ कापून सॉसमध्ये घोळवा, पावात भरून खा.

आता तिच्याशी बोलण्याचं. तुमच्या दृष्टीने ही मोठी पायरी आहे, हे मी समजू शकते. तिच्या दृष्टीने हे रविवारचं, घरचं जेवण आहे. म्हणून ताट पुढे ठेवताना 'बघ, मी तुझ्यासाठी हेसुद्धा केलं' असा सूर नको. त्यात नकळत असं ध्वनित होतं की तिच्या खाण्यात काहीतरी सहन करण्यासारखं आहे. 'तुझ्या घरी खाल्लं तेव्हापासून आपल्याकडेही व्हावं असं वाटत होतं' एवढं म्हणा. ते खरंही आहे, तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला आवडतं. आणि एक गोष्ट त्याच रात्री स्पष्ट करा. ही एका रात्रीची मेजवानी आहे, की यापुढे या स्वयंपाकघरात तिने हवं तेव्हा हवं ते शिजवावं? वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि तो तिला विचारावा लागू नये. तिने थांबवलं तेव्हा तुम्ही नको म्हटलं नव्हतं, हे खरं. पण 'कर ना' असंही म्हटलं नव्हतं. ते आता म्हणा.

आईंचं उत्तर यातूनच येतं. लपवू नका. लपवलंत तर जानेवारीचा महिनाभर ते गुपित सांभाळायची जबाबदारी तिच्यावर येईल. पॅन कपाटामागे, मसाल्याची बाटली कापडात, आणि काही उघडकीला आलं तर बोल तिला. आणलं तुम्ही, केलं तुम्ही, तर सांगायचंही तुम्हीच. 'आई, आमच्याकडे आता पोर्क होतं. मी करतो, मला आवडतं. त्याचा पॅन आणि सुरी वेगळी ठेवली आहे, तू असशील तेव्हा तुला चालणार नसेल तर आम्ही करणार नाही.' पॅन वेगळा ठेवण्यात तुमच्या बायकोचा अपमान नाही. कुणाच्या घरी उपासाची भांडी वेगळी असतात, कुणाकडे माशांची कढई वेगळी असते, तितकंच ते. मात्र आई असताना करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी आधी आपसांत ठरवा, आणि त्या ठरवण्यात तिचं मत तुमच्या मताआधी ऐका. कदाचित तीच म्हणेल की महिनाभर नको. म्हणाली तर या वेळी तो निर्णय दोघांचा असेल.

हे बोलणं आई आल्यावर पहिल्याच रात्री काढू नका, त्या प्रवासाने थकलेल्या असतील. डिसेंबरात एखाद्या रविवारी तुम्हीच त्यांच्याकडे जा आणि समोर बसून सांगा. त्यांना नाराज व्हायला आणि निवळायला महिनाभर मिळेल.